कोंबड्यांच्या बाकावर कसाई

आमचा बेसबॉलचा संघ, म्हणजे खेकडे, यंदाही नाताळाच्या आधीच स्पर्धेबाहेर पडला. गावात त्याचं कुणी फार मनाला लावून घेतलं नाही. खेकडे बाहेर पडतातच, आता ती रीतच झाली आहे. पण ज्या संघांचा खेळ संपतो त्यांच्या खेळाडूंची मग निवड होते. पुढे गेलेले संघ पाळीपाळीने हवा तो गडी उचलतात आणि तो हंगाम संपेपर्यंत त्यांच्याकडून खेळतो. ज्याला उचललं त्याला जावंच लागतं. नाही म्हटलं की पुढचं वर्ष घरी.

त्या दिवशी फेल्लो काकांच्या दुकानासमोर रेडिओ मोठ्याने लावला होता. डोमिनोच्या टेबलाभोवती चौघं बसलेले, त्यांच्या मागे उभं राहून चुका काढणारे आठ-दहा, आणि तांदूळ आणायला म्हणून आलेली मी.

निवेदक म्हणाला, "पहिली निवड राजधानीच्या कोंबड्यांची. आणि ते घेतायत... अहो, हे काय? एलिहियो पेगेरो!"

एलिहियो पेगेरो म्हणजे माझा पप्पा.

सोंगटी आपटायला उचललेला हात तसाच वर राहिला. "कसाई?" फेल्लो काका म्हणाले. "कोंबड्यांनी कसायाला घरात घेतलं?"

पप्पाला सगळा देश 'कोंबड्यांचा कसाई' म्हणून ओळखतो. कोंबड्यांसमोर बॅट घेऊन उभा राहिला की दर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चेंडू कुंपणाकडे जातो. आणि बाकीच्या संघांसमोर? बाकीच्यांसमोर तो कुणीच नाही. बगळे येवोत, विंचू येवोत, पप्पा बॅट फिरवतो आणि वाऱ्याला मारतो. म्हणून आमचे प्रशिक्षक त्याला फक्त कोंबड्यांविरुद्ध उतरवतात. अख्ख्या हंगामात दहाच सामने. तेवढे दिवस राजा, आणि मग बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या.

हे असं का, तर सूड. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरांनाही पाठ आहे. सोळाव्या वर्षी पप्पाला कोंबड्यांनी बोलावून घेतलं, आठवडाभर ठेवलं आणि 'याच्यात आग नाही' असं म्हणून परत बसमध्ये बसवलं. तेव्हापासून त्यांचा लाल रंग दिसला की त्याच्या अंगात काहीतरी शिरतं, असं रेडिओवाले सांगतात. ते कसं शिरतं हे फेल्लो काका दुकानात उभे राहून, खांदे हलवून करूनही दाखवतात.

मग कोंबड्यांनी त्याला का घ्यावं? खेळवायला तर नक्कीच नाही. बगळ्यांनी घेतला असता तर तो कोंबड्यांसमोरच उभा राहिला असता, म्हणून त्यांनी आधीच उचलून त्याला आपल्या बाकावर नेऊन ठेवला. सुरी ड्रॉवरमध्ये टाकावी तसा.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण त्यात एक भानगड होती आणि ती घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होती.

सूडबिड काही नाहीच.

हे मला गेल्या वर्षी कळलं. आमच्या गल्लीत पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. झाकण टाकण्यात माझा हात धरणारा इथे कुणी नाही, मुलगे धरून. पूर्वी हे मी मनात म्हणायचे, आता तोंडाने म्हणते. तर पप्पा एकदा मजा म्हणून दांडा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. सरळ झाकण टाकलं की समोरच्यांच्या टाकीवर टण्णकन. मग मी माझं खास झाकण काढलं, हळू येणारं, पोटासमोर आल्यावर एकदम मान टाकणारं. पप्पाचा दांडा सूं करून हवेतून गेला. पुन्हा टाकलं, पुन्हा हवा. दहा वेळा टाकलं असेन. तो भिजलेल्या कोंबड्यासारखा, म्हणजे अगदी शत्रूसारखाच, दिसायला लागला.

"पप्पा," मी ओरडले, "तुला कोंबड्यांचा राग नाहीये! तुला हळू चेंडू खेळताच येत नाही!"

त्याने आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. "योकास्ता," तो म्हणाला, "बाई माझे, जरा हळू बोल."

कोंबड्यांचे प्रशिक्षक ओनोरियो एके काळी स्वतः चेंडू टाकायचे. त्यांचा एकच हट्ट आहे, कोंबडा मागे सरत नाही. हळू, फसवा चेंडू टाकणं म्हणजे त्यांच्या मते पाठ दाखवणं. म्हणून कोंबडे समोर कुणीही असो, सरळ आणि जोरातच टाकतात. बाकीचे संघ सगळ्यांनाच मधूनमधून हळू टाकतात आणि पप्पा तिथे बुडतो. इतकं साधं आहे. पण सुडाची गोष्ट इतकी झकास की दुसरं कारण शोधायची कुणाला गरजच वाटली नाही. पप्पानेही कधी नाही म्हटलं नाही. मम्मीला विचारलं तर ती केळी सोलता सोलता म्हणाली, "मला लग्नाआधीपासून माहीत आहे. मी काय त्याच्या बॅटीशी लग्न केलंय?"

तर आता पप्पाची कोंडी बघा. कोंबड्यांच्या सदऱ्यात त्याला एकदा जरी बॅट मिळाली, तर समोर दुसरा संघ असणार. म्हणजे हळू चेंडू येणार, पप्पा हवेत मारणार, आणि ते बघायला ओनोरियो चार पावलांवर उभे असणार. पुढच्या वर्षी ते आपला हट्ट एका माणसापुरता बाजूला ठेवतील, आणि कसाई संपला. मग खेकडे त्याला कशाला ठेवतील? पप्पाला बेसबॉलखेरीज काही येत नाही. स्वयंपाक येतो असं त्याला वाटतं, पण तेही खरं नाही.

म्हणजे बॅट मिळाली तर मेलो. आणि न मिळो अशी प्रार्थना करायची, तर त्याचा जीवच बॅटमध्ये. टीव्हीवर सामना लागला की कॅमेरा मुद्दाम त्याच्यावर जायचा. लाल सदऱ्यात, बाकाच्या अगदी टोकाला, बॅट मांडीवर आडवी धरून बसलेला. शेजारी कुणी नाही. त्या लोकांनीही कशाला बसावं? वर्षानुवर्षं त्याने त्यांना रडवलेलं.

आणि माझी कोंडी वेगळीच. मी बोलते. फार बोलते. यंदापासून शाळेच्या सामन्यांचं समालोचन मी करते, माईक हातात आला की मला थांबवायला वीज जावी लागते. (जातेच.) आणि नेमकं मला गप्प बसायचं होतं. शाळेत पोरं आरवून दाखवायची. "योकास्ता, आज पहाटे तुझ्या बापाने उठवलं आम्हाला!" फेल्लो काका तर अंडी मागितली की म्हणायचे, "तुम्हाला कशाला विकत? घरचीच असतील ना आता?"

"आहेत ना," मी म्हणायचे. "पण ती तुमच्यासाठी उबवायला ठेवलीत. बसा तुम्ही."

लोक हसायचे, पण ते पप्पावरच हसत होते हे मला कळायचं. मम्मी तो लाल सदरा धुऊन गच्चीवर वाळत घालायची नाही. फ्रीजच्या मागे, गरम हवेवर घालायची. सगळं घर कोंडल्यासारखं वाटायचं.

कोंबडे शेवटच्या फेरीत पोचले, समोर बगळे. तेव्हा पप्पा एका सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मला हळू चेंडू मारायला शिकव."

"नाही."

"का?"

"पप्पा, तू चौतीस वर्षांचा आहेस. एवढ्या दिवसांत ते होणार नाही. तू ते सोडायला शिक."

"सोडायला?"

"हात लावायचा नाही. बघायचं आणि जाऊ द्यायचं."

मी त्याला माझा शाळेचा स्कर्ट घालून चर्चला चल म्हटलं असतं तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता. हळू चेंडू येताना गोड दिसतो, कमरेएवढा येतो आणि मग गुडघ्याखाली पडतो. तो सोडला तर वाईट चेंडू धरतात, आणि असे चार सोडले की पहिल्या बेसवर फुकट चालत जायला मिळतं. पण आमच्याकडे चालत जाणं म्हणजे नाचायला बोलावल्यावर भिंतीला टेकून उभं राहणं. पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवतात, फिरव! परदेशातून निवडायला येणारे लोक काय, उभं राहिलेल्याला बघायला येतात?

"लोक काय म्हणतील?" पप्पा म्हणाला.

"लोक आता काय म्हणतायत?" मम्मी आतून ओरडली.

गाडी ठेवायच्या पडवीत आम्ही सराव सुरू केला. दाराच्या गजांना आतून चादर बांधली, कुणी बघू नये म्हणून. आत इतका उकाडा की झाकण घामाने हातातून निसटायचं. पहिल्या अर्ध्या तासात पप्पाने सहा वेळा चादर आणि एकदा दिवा फोडला. म्हणजे दिवा फोडला, चादर फाडली. शेवटी मी दांडा काढूनच घेतला.

"आता?"

"हात पुढे कर. रिकामे. तळवे मला दाखव. झाकण आलं की फक्त बघ आणि सांग, सरळ की खाली."

असा तो उभा राहिला, माझा भलामोठा पप्पा, भीक मागितल्यासारखे दोन्ही तळवे पुढे करून. "सरळ," तो म्हणायचा. "सरळ. सरळ... अगं, खाली!" हात तर दर वेळी आपोआप वळायचेच, मुठी आवळायच्या. मग मी ओरडायचे, "हात!" मम्मी दारात येऊन बघायची. "पंधरा वर्षं सांगतेय, प्रत्येक गोष्टीत हात घालू नकोस म्हणून. तेव्हा ऐकलं नाहीस. आता पोरीचं ऐकतोयस."

हळूहळू त्याला दिसायला लागलं. झाकण मान टाकायच्या आधीच तो म्हणायचा, "खाली." हात मोकळे. पण हातात दांडा दिला की परत तीनात एकदा तरी फिरवायचाच.

रविवारी दुपारी शेवटचा सामना. जिंकेल तो विजेता. संघाने मला आणि मम्मीला जागा दिल्या होत्या, अर्थातच कोंबड्यांच्या माणसांत, चारी बाजूंनी लाल. मी मुद्दाम पिवळा झगा घातला होता. मम्मी म्हणाली, "आज तोंड मिटून बस. इथून धावत बाहेर जायला वाट नाही."

मी खरंच मिटून बसले. शेवटच्या डावापर्यंत. पप्पा बाकाच्या टोकाला. बरोबरी चालू. मी देवाला म्हणत होते, आज याला उठवू नकोस, उद्या घरी येईल, पुढच्या वर्षी परत कसाई होईल. आणि खाली पप्पा बॅटीची मूठ चोळत होता, तेही दिसत होतं.

शेवटचा डाव. दोघं बाद. तिन्ही बेसवर कोंबड्यांची माणसं, एक धाव मिळाली की कोंबडे विजेते. पुढच्याने यायचं, तर त्याचा घोटा आधीच्या डावात मुरगळलेला, त्याला दोघांनी धरून बसवलं. ओनोरियोंनी बाकावर नजर टाकली. बाकीचे सगळे एकदा उतरवून झालेले, आणि एकदा बाहेर आलेला परत जाऊ शकत नाही. राहिला होता एकच.

मी मम्मीचा हात धरला.

ध्वनिवर्धकावर नाव ऐकून आधी हसू, मग शिट्ट्या. "अरे कसाया, चुकून आम्हालाच कापू नकोस!" माझ्या मागे एक ढेरपोटे काका रेडिओ कानाला लावून उठून उभे राहिले.

पहिला चेंडू. हळू. पप्पाने बॅट अशी फिरवली की टोपी उडाली.

दुसरा. हळू. पुन्हा हवा. आता आणखी एक चुकला की तो बाद.

बाकाच्या कठड्याला टेकलेले ओनोरियो सरळ झाले. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मागचे काका म्हणाले, "काय रे हे! याला हळू चेंडू दिसतच नाही की काय?"

"डोळ्यात धूळ गेलीय त्याच्या!" मी गर्रकन वळून ओरडले. "दिसत नाही का, केवढा वारा सुटलाय!"

झेंडासुद्धा हलत नव्हता. मम्मीने मला चिमटा काढला. पण तेवढ्यात पप्पा रेषेबाहेर आला, टोपी उचलली आणि वर बघितलं. सगळीकडे लाल आणि मध्ये एक पिवळा ठिपका, सापडायला वेळ लागला नाही. मी खुर्चीवर चढले आणि दोन्ही तळवे पुढे केले. रिकामे.

"खाली बस, ए पोरी!" चार दिशांनी आवाज आले. नाही बसले.

पप्पा आत गेला. बॅट खांद्यावर घेतली.

तिसरा चेंडू हळू. सोडला. वाईट. चौथा हळू. सोडला, पण त्याची कोपरं थरथरली, मी बघितली. बगळ्यांच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरने हात सदऱ्याला पुसले. पाचवा हळू, आणि लोक ओरडायला लागले, "फिरव! अरे माणूस आहेस का खांब? फिरव!" माझ्या आयुष्यात मी इतक्या माणसांना एकाच वेळी एक शब्द ओरडताना ऐकलं नाही. सोडला. चार हवे होते, तीन झाले.

शेवटचा. पिचरच्या हातातून तो सुटला आणि मला कळलं, हे माझंच झाकण आहे. हळू, गोड, अगदी कमरेएवढं. तसंच राहिलं असतं तर चांगला चेंडू सोडला म्हणून पप्पा उभ्या उभ्या बाद झाला असता आणि जन्मभर भित्रा ठरला असता. बॅट फिरवली असती तर हवेत गेली असती आणि ओनोरियोंना सगळं कळलं असतं. पप्पाच्या मुठी आवळल्या. चेंडूने मान टाकली.

पप्पा हलला नाही.

अंपायरही हलला नाही. एवढा वेळ गेला की मला वाटलं तो विचार करायला घरी गेला. मग त्याने पहिल्या बेसकडे हात केला.

जा.

पप्पा चालत निघाला, त्याच्यामुळे सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि तिसऱ्यावरचा धावत घरच्या बेसवर पोचला, म्हणजे एक धाव. कोंबडे जिंकले. आजूबाजूला लाल पूर आला, ढेरपोटे काका मला मिठी मारून रडले. खाली पोरं एकमेकांवर कोसळत होती, आणि पप्पा पहिल्या बेसवर एकटाच उभा होता, कुठे जायचं ते न कळून. मग त्यांनी त्यालाही ओढलं आणि त्याच्या डोक्यावर रम ओतली. ज्या रंगाला हाणून आमचं पोट भरलं त्याच रंगात तो भिजला होता. तो हसत होता की नाही, इतक्या लांबून सांगता येत नाही.

परत येताना बसमध्ये रेडिओवर ओनोरियो बोलत होते, घसा बसलेला. "बघितलंत ना? त्याला सरळ चेंडू टाकायची बगळ्यांची छातीच झाली नाही! पहिल्या दोन चेंडूंना त्याने नुसती बॅट फिरवून दाखवली, घाबरवायला. आमची पोरं इतकी वर्षं त्याला समोरून टाकतायत, मार खातायत, पण टाकतायत. पुढच्या वर्षीही टाकणार! कोंबडा मागे सरत नाही!"

मम्मीने रुमाल तोंडात कोंबला. मी खिडकीला डोकं लावून इतकी हसले की पुढच्या बाईने पिशवी दिली, तिला वाटलं मला उलटी होतेय. पप्पा मागच्या बाकावर होता, टोपी तोंडावर घेऊन. तो हसला नाही.

सोमवारी सकाळी मी त्याच्याबरोबर दुकानात गेले. डोमिनो थांबला. फेल्लो काकांनी पाव कागदात बांधला आणि वर न बघता म्हणाले, "हाणला असतास ना, एलिहियो, तर एक वेळ समजून घेतलं असतं. आग आहे म्हटलं असतं. पण नुसता उभा राहून जिंकवलंस त्यांना? खांबासारखा?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं, सूड, हळू चेंडू, झाकण, ओनोरियोंचा हट्ट, सगळं. एका वाक्यात त्यांना गप्प केलं असतं. आणि दुपारपर्यंत ते राजधानीत पोचलं असतं. मी पाव घेतला. दात इतके आवळले की कान दुखले. पप्पाने "येतो" म्हटलं आणि आम्ही निघालो.

घरी आलो तर फोन वाजत होता. खेकड्यांचे प्रशिक्षक. त्यांचा आवाज पलीकडून मलाही ऐकू येत होता. "झालं गेलं विसर. पुढच्या वर्षी तू आहेसच. कोंबड्यांविरुद्ध, नेहमीसारखाच. दहा सामने पक्के."

"हो," पप्पा म्हणाला. "बाकीच्यांविरुद्ध?"

पलीकडे मोठं हसू. "तू आणि तुझे विनोद!"

पप्पाने फोन ठेवला. जागा वाचली होती. त्यासाठीच तर सगळं केलं होतं. तरी तो पडवीत जाऊन गजांना धरून उभा राहिला, बाहेर बघत. मम्मीने त्याच्या मागून जाऊन तो लाल सदरा घेतला आणि पहिल्यांदाच गच्चीवर, सगळ्या गल्लीला दिसेल असा वाळत घातला. "धुऊन परत पाठवायचाय," ती म्हणाली. "फ्रीजमागे आठवडा जाईल."

फाटलेली चादर अजून अर्धी लटकत होती. मी ती सोडून टाकली आणि दार उघडलं. पप्पाने कोपऱ्यातला दांडा उचलला आणि माझ्या मागोमाग गल्लीत आला, भर उजेडात. दुकानासमोरचे लोक वळून बघायला लागले.

"सगळे बघतायत," मी म्हणाले. "सरळ टाकू?"

पप्पाने दुकानाकडे बघितलं, मग वर, वाळणाऱ्या सदऱ्याकडे.

"दहा सामने मला पुरत नाहीत," तो म्हणाला. "वाकडं टाक."

मी टाकलं, माझं सगळ्यात वाईट, सगळ्यात गोड. तिकडून कुणीतरी आरवलं. झाकण आलं, पोटासमोर आलं, आणि मान टाकायच्या आधीच पप्पा दांडा न हलवता शांतपणे म्हणाला, "खाली."